अकरा वेळा 'पुन्हा!'

३ मे

आजपासून रोजनिशी. डॉक्टर हियाम म्हणाल्या, रोजचा मूड लिहीत चला, एक ते दहा आकड्यांत. मी शायर आहे, थर्मामीटर नव्हे. तरी वही घेतली. माझ्याच वह्या-झेरॉक्सच्या दुकानातली, गेल्या वर्षीची, न खपलेली. वार चुकीचे आहेत, तारखा बरोबर. ही वही कुणी वाचायची नाही. ओदेतने तर नाहीच. बायको झाली म्हणून काय झालं.

मूड : तीन. तीन लिहिलं तर डॉक्टर डोस वाढवतील. म्हणून पाच.

५ मे

नोंद राहावी म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी चौदा ऑगस्टला, मरियमच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या ऐन लोझच्या चर्चच्या अंगणात शायरांच्या सामन्यात मी कफर झैन गावच्या नझीहला एकट्याने भुईसपाट केला. लोक अकरा वेळा 'पुन्हा!' ओरडले. मी मोजले आहेत. शेवटी नझीह खुर्ची सोडून उठला. बैठकीत शायर खुर्ची सोडतो याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. त्यानंतर मी बैरुतला तीन आठवडे विश्रांतीसाठी होतो. श्रम फार झाले होते. तिथलं जेवण वाईट.

तेव्हापासून गोळ्या.

पहिली, लिथियम. हात थरथरायला लागला. शायराच्या हातात डफ असतो, मी तो नुसता धरला तरी वाजायचा. आमच्या मंडळीचे म्होरके अबू शाहीन म्हणाले, पोरा, थांब, अजून आपली पाळी नाही.

दुसरी, बदामी रंगाची. झोप आणि भूक. सहा महिन्यांत नऊ किलो. पण ते सोडा. मार्चमध्ये वर्दे मावशी गेली. आमच्याकडे शवपेटीजवळ उभं राहून चार ओळी म्हणायच्या असतात आणि आमच्या घराण्यात ते काम माझं. मावशीने मला लहानाचा मोठा केला. मी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "मावशी चांगली होती." संपलं. डोळे कोरडे ठणठणीत. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे! धीर कसला? आत काहीच नव्हतं. त्या दिवशी त्या गोळीने माझा विश्वासघात केला. तिला माफी नाही.

आता तिसरी. छोटी, पांढरी. सावकाश वाढवायची. अंगावर पुरळ आलं तर ताबडतोब फोन करायचा.

८ मे

पुरळ आलं! दंडावर. डॉक्टरांना फोन केला. फोटो पाठवला.

डास होता.

९ मे

डॉक्टरांकडे. त्या शहरात वाढलेल्या, त्यांना झजल म्हणजे काय तेच नीट ठाऊक नाही. समजावून सांगितलं. समोरासमोर दोन टेबलं, एकेका टेबलावर चार शायर, पुढ्यात अरकचा, म्हणजे आमच्याकडच्या दारूचा, पेला. एकाने ओळी टाकल्या की दुसऱ्याने त्याच ठेक्यात जागच्या जागी उत्तर द्यायचं. मागे कोरस शेवटची ओळ उचलून धरतो. ओळ फारच बसली तर लोक 'पुन्हा!' ओरडतात. पाठ केलेलं चालत नाही. डोक्यात वीज लागते. तुमच्या गोळ्यांनी माझा मेन स्विच बंद केलाय.

त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, तेव्हा जास्त चांगलं म्हणत होतात हे कशावरून?

अपमान गिळायची मला सवय आहे. पण घरी येताना ठरवलं, त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग यांच्या टेबलावर आणून आपटायचं. मोरिसने शूट केलं होतं. मोरिस म्हणजे ओदेतचा भाऊ, लग्नांचे व्हिडिओ काढतो.

संकल्प : (१) रेकॉर्डिंग मिळवणे. (२) चौदा ऑगस्टला चौथी खुर्ची परत मिळवणे. (३) कमी खाणे.

२० मे

मोरिस म्हणाला, कॅमेरा त्या दिवशी बिघडला होता.

अबू शाहीनना विचारलं. ते म्हणाले, रेकॉर्डिंग होतं, पण पुरात गेलं. ऐन लोझ डोंगरावर आहे. इथे पूर आला तर बैरुत आधी बुडेल.

ओदेतला विचारलं. ती म्हणाली, मोरिसने त्यावर कुणाचं तरी बारसं घेतलं.

तीन माणसं, तीन उत्तरं. याला कट म्हणतात. जळतात सगळे. अबू शाहीन वयामुळे, मोरिस स्वभावामुळे, ओदेत सवयीमुळे.

११ जून

पांढऱ्या गोळीची चाचणी घेतली. सकाळी कॉफी घेऊन बसलो, विषय डोंगर. दोन तासांत निघालं ते असं :

माझ्या गावचे डोंगर उंच,
तुझ्या गावचेही उंच.

शत्रूच्या डोंगराला उंच म्हणणारा शायर इतिहासात पहिलाच. यालाच बधिरपणा म्हणतात.

दुपारी दुकानात एका लहान मुलीने रंगीत खडू मागितले आणि निळा मिळाल्यावर इतकी हसली की मी पैसेच घेतले नाहीत. बहुतेक विसरलो.

मूड : चार. लिहितो पाच.

२९ जून

काल नदीकाठच्या हॉटेलात छोटी बैठक झाली, कफर झैनवाल्यांबरोबरच. अबू शाहीननी मला चौथ्या खुर्चीवर बसवलं, म्हणाले, बघू या. म्हणजे परीक्षा.

अडचण अरकची. डॉक्टरांनी दारू बंद केली आहे. पण झजलच्या टेबलावर पेला रिकामा ठेवणं म्हणजे नवरदेवाने लग्नाला न येता अंथरुणातूनच हात हलवणं. अरकमध्ये पाणी घातलं की ते दुधासारखं पांढरं होतं. साधं पाणी सगळ्यांना ओळखू आलं असतं. मी युक्ती केली. घरून ताक नेलं, पाण्यात पातळ केलं आणि पेल्यात ओतलं. हुबेहूब! कुणाच्या बापाला कळलं नसतं.

माझ्या मिशीला ते लागलं हे मला कुणी सांगितलं नाही.

नझीहने ते पाहिलं. उठला, डफ वाजवला :

पेल्यात अरक नाही, ह्याच्या पेल्यात आहे ताक;
ताकावरच्या शायरानं आम्हां घालावा धाक?

अख्खं हॉटेल हसलं. माझे कान तापले. वीज नाही, काही नाही, डोकं अगदी स्वच्छ आणि रिकामं. मी मिशी पुसली आणि जे सुचलं ते म्हटलं :

ताकच आहे, मान्य मला, पण घुसळणारा मीच;
वर येतं ते लोणी माझं, खाली उरतोस तूच!

लोक ओरडले, 'पुन्हा!' म्हटलं. परत ओरडले, 'पुन्हा!' पुन्हा म्हटलं. नझीहने टेबलावर थाप मारली आणि डोळे पुसेपर्यंत हसला.

मला काय कळत नाही? दोन 'पुन्हा!', तेही दयेपोटी. शाळेच्या गॅदरिंगच्या लायकीची ओळ. सगळे शब्द सरळ, सगळ्यांना समजलेले. ज्याला अकरा मिळालेत त्याला दोन देणं म्हणजे भीक.

निघताना अबू शाहीन म्हणाले, ऑगस्टची खुर्ची तुझी. मी धन्यवाद म्हटलं. मनात म्हटलं, म्हातारा कनवाळू आहे.

६ जुलै

विचार केला. खुर्ची मिळाली आहे, पण रिकाम्या डोक्याने तिच्यावर बसायचं तर बसायचं कशाला? चौदा ऑगस्टला ऐन लोझला तो नसरी हवाय, दोन वर्षांपूर्वीचा. हा ताकवाला नको.

योजना : उद्यापासून अर्धी गोळी. शास्त्रोक्त. बैठक झाली की परत पूर्ण. डॉक्टरांना सांगून उगाच त्यांची झोप उडवायची नाही.

१५ जुलै

अर्धी गोळी म्हणजे अर्धा माणूस. पूर्णच बंद केली. ओदेत सकाळी समोर उभी राहून बघते, म्हणून जिभेखाली धरतो आणि गॅलरीत जाऊन पुदिन्याच्या कुंडीत पुरतो.

मूड : सात!

२३ जुलै

आले! आले शब्द! सकाळी दाढी करताना चाळीस ओळी आल्या, अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून दुकानात गेलो कारण कागद तिथे होता. गिऱ्हाइकांनी पाहिलं, पाहू देत. या ओळी पोरं शाळेत शिकतील :

चंद्र माझा चुलता, सूर्य माझा साडू,
नझीहच्या गावावर मी विजेचा झाडू!

साडू, झाडू! दोन वर्षं कुठे होतास रे बाबा? झोप चार तास, आणि तीही शिष्टाचार म्हणून. सगळं एकमेकांना जोडलेलं दिसतंय. डोंगर, घंटा, झेरॉक्स मशीन. झेरॉक्स मशीनवर वीस ओळी केल्या. तिने कधी तक्रार केली नाही, मूळ प्रतीपेक्षा नक्कल सुंदर काढली, ती खरी कोरस आहे. फुलस्टॉप कशाला द्यायचे

मूड : अकरा

३० जुलै

माझं पोस्टर केलं. माझा फोटो, वर मोठ्या अक्षरांत "ऐन लोझची वीज". सहाशे प्रती. कफर झैनला जाऊन नझीहच्या दारावर, त्याच्या गाडीवर, त्याच्या शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर चिकटवल्या. नझीह बाहेर आला, बघितलं आणि विचारलं, नसरी, नीट जेवतोस ना? घाबरला!

ओदेत म्हणाली, पुदिना मेलाय. मी म्हटलं, ऊन फार आहे. ती कुंडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला ते बघणं आवडलं नाही.

मुलीने, रीमाने, फोन केला. तिला आईने सांगितलेलं दिसतंय. रडत होती. मी तिला फोनवर साठ ओळी ऐकवल्या. शेवटी फोन बंद झालेला होता. बॅटरी.

४ ऑगस्ट

मिळालं!!

मोरिस जेवायला गेला असताना त्याच्या स्टुडिओत शिरलो. कपाटात खाली, जुन्या लग्नांच्या मागे, डिस्क. वर चिकटवलेला कागद : "नसरीला देऊ नये." अक्षर ओदेतचं.

एकवीस वर्षांचा संसार. माझं सर्वात मोठं यश माझ्या बायकोने लग्नांच्या ढिगाखाली पुरून ठेवलं. दगाबाज हा शब्द फार लहान पडतो.

मी बघणार नाही. एकटा नाही. सगळ्यांच्या देखत बघणार. आठ तारखेला, माझ्या घरी, दुपारी चारला. अबू शाहीन, मोरिस, कोरसवाले. डॉक्टर हियामनाही फोन केला (येऊ शकत नाहीत, मला ताबडतोब दवाखान्यात या म्हणाल्या). आणि नझीह. त्याचा पडलेला चेहरा मला माझ्या सोफ्यावर हवाय.

८ ऑगस्ट, सकाळी

सगळे येणार. ओदेत कालपासून खिम्याचे किब्बे तळतेय. डोळे सुजलेत. पश्चात्ताप. मी माफ करणार आहे, पण शेवटी, सगळ्यांसमोर, चार ओळींत. ओळी तयार आहेत.

मूड : लिहायला आकडा नाही.

९ ऑगस्ट

लिहितो. थोडंच.

नझीह मिठाईचा डबा घेऊन आला. मी उभा राहून भाषण केलं. मग डिस्क लावली.

पडद्यावर मी होतो. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. डफ तालात नाही. तोंड चालू आहे आणि शब्द एकमेकांच्या अंगावर चढतायत, कुठलाच पूर्ण होत नाही. मी कान देऊन ऐकलं. मला माझंच काही कळेना.

पहिला 'पुन्हा!' कोरसचा होता. त्यांना शेवटची ओळ उचलायची असते, ती सापडत नव्हती. पडद्यावर मी छाती फुगवली आणि दुसरंच काहीतरी म्हटलं. दुसरा 'पुन्हा!' मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा, कानाला हात लावून. तिसरा ओदेतचा. आवाज ओळखला. ती म्हणत होती, पुन्हा म्हण, नसरी, हळू म्हण.

मी मोजत होतो. अकराच होते. मोजणी माझी चुकली नव्हती.

पाचव्यानंतर लोक हसायला लागले. आठव्यानंतर कुणीच हसत नव्हतं. मग नझीह उठला. खुर्ची सोडली, हे खरं. टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आला, स्वतःच्या रुमालाने माझं कपाळ पुसलं, माझ्या हातातला डफ हळूच काढून घेतला आणि लोकांकडे तोंड करून म्हणाला की आज दोन्ही गावं जिंकली, आमचा भाऊ दमलाय, घरी जा. मी त्याच्या काखेतून अजून बोलतच होतो.

मी वळून खोलीत पाहिलं. पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. अबू शाहीन स्वतःच्या बुटांकडे. मोरिस भोपळ्याच्या बिया सोलून ढीग करत होता, खात नव्हता. त्यांनी हे सगळं केव्हाच पाहिलेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं मी बाजारात, चर्चमध्ये, केस कापताना या अकराची गोष्ट सांगितली आणि अख्ख्या गावाने माना डोलावल्या. बिघडलेला कॅमेरा, पूर, बारसं. मला सर्वांनी मिळून फसवलं. इतकं एकजुटीने या गावाने रस्ताही कधी केला नाही.

नझीह घसा साफ करून म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, त्या दिवशी साउंड सिस्टिम वाईट होती.

साउंड सिस्टिम उत्तम होती. भाड्याने मीच आणली होती.

मग मी रडलो. मावशीसाठीसुद्धा रडलो असेन, वेगळं करता आलं नाही. माफीच्या चार ओळी खिशात राहिल्या. लोक किब्बे न खाताच उठले.

आज ओदेतला विचारलं, का लपवलंस? ती म्हणाली, तू इतका खूश होतास, मी काय करायला हवं होतं? मी डिस्क काढली. तिच्या हातात दिली. ती म्हणाली, उद्या आठ वाजता गाडी काढते.

१० ऑगस्ट

डॉक्टर हियाम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, दुसऱ्या गोळीबद्दल तुमचं खरं होतं, त्या गोळीने तुम्हाला खरंच बधिर केलं होतं, म्हणून तर बदलली. पण या तिसरीचं काय वाईट होतं?

मी ताकाची गोष्ट सांगितली. त्यांनी त्या दोन ओळी म्हणायला सांगितल्या. म्हटल्या. त्या हसल्या, आणि म्हणाल्या, पुन्हा?

मी मुकाट्याने पुन्हा म्हटल्या.

ही गोळी इतके दिवस सोडली की एकदम पूर्ण डोसवर येता येत नाही म्हणे. अगदी तळच्या डोसपासून, आठवड्याआठवड्याने वर. पुन्हा पहिल्यापासून. तोवर झोपेसाठी दुसरी एक. चौदा तारखेला टेबलावर बसायचं नाही.

संध्याकाळी अबू शाहीनकडे जाऊन खुर्ची परत केली. ते म्हणाले, खुर्ची तू जूनमध्ये स्वतःच्या जिवावर मिळवली होतीस पोरा, त्या लोण्याच्या ओळीवर. दया कोण करतोय? आमचीही अब्रू असते टेबलावर. तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगितलं होतं की, ऑगस्टची खुर्ची तुझी म्हणून. तू ऐकलं नाहीस.

या वर्षी कोरसमध्ये बस म्हणाले. मागच्या बाकावर.

ओदेतने नवा पुदिना लावलाय. कुंडी तिच्या बाजूच्या खिडकीत ठेवलीय.

१४ ऑगस्ट

सकाळी गोळी. समोर उभी राहून ओदेतने बघितली. मीही तोंड उघडून दाखवलं.

बैठक चांगली झाली. चौथ्या खुर्चीवर शेजारच्या गावचा एक शाळामास्तर होता. बरा आहे. 'उंच'ला 'उंच' जोडत नाही एवढं खरं. रीमा आली होती, माझ्यासाठी बाटलीतून ताक घेऊन. मागच्या बाकावर ते कुणी लपवत नाही.

तिसऱ्या फेरीत नझीहने एक लांबलचक ओळ टाकली आणि नेमकी चर्चची घंटा वाजली. शेवटचे दोन शब्द बुडाले. आम्हा कोरसवाल्यांना शेवटचेच शब्द हवे असतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडलो, "पुन्हा!"

नझीह थांबला. बाक शोधून माझ्याकडे बघितलं. छातीवर हात ठेवला आणि मान लववली, अगदी खालपर्यंत. डोळे भरले होते त्याचे.

घंटेबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही.